उन्हातला महादेव

हिवरखडकला आलेला पाहुणा आधी देवळात शिरतो आणि गोंधळून बाहेर येतो, कारण आमच्या देवळात देव नाही. गाभारा आहे, नंदी आहे, गळतीचं भांडं टांगायची साखळीसुद्धा आहे. पिंडीच्या जागी मात्र नुसता खड्डा. उंबऱ्याचा दगड मधोमध फुटलेला, आणि तिथून हातभर रुंद चर निघतो तो काळ्या कातळावरून थेट खाली शेतात उतरतो. पाण्यानं पडलेला चर असणार, असं शहाणी माणसं आम्हाला समजावून सांगतात. पाण्यानं? एवढं पाणी या माळानं बघितलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. त्या चराच्या टोकाला, उघड्या रानात, डोक्यावर पत्र्याचा तुकडाही नसलेला महादेव बसला आहे. वैशाखात त्याला हात लावू नका, फोड येतील.

पाहुणे मग हळहळतात. पत्रे आम्ही देतो म्हणतात, मंडप बांधून देतो म्हणतात. तुमचे पत्रे तुमच्याजवळ ठेवा. या देवाला सावली द्यायची नाही असा गावाचा शब्द आहे. तो का, ते ऐका, आणि मग ज्याच्यासाठी हळहळायचं त्याच्यासाठी हळहळा.

किती वर्षांपूर्वीची गोष्ट ते विचारू नका, आमच्या आज्याच्या आज्यानंही ती ऐकलेलीच होती. त्या साली मघा नक्षत्रात पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. शाळू हातभर वाढून करपला. होळीपासून ऊन असं चढलं की मातीत बोट घातलं तर चटका बसे. भेगा इतक्या रुंद की शेळीचा पाय अडकावा. बारवेचं पाणी तळाला गेलं, मोटा उतरवून ठेवल्या, आणि बायका चाळीस पायऱ्या उतरून वाटीवाटीनं घागर भरू लागल्या. गावातले बैल एकेक करून बसत गेले. बसलेला बैल वैशाखात उठत नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

वैशाखात महादेवावर गळती लावतात, हे सगळीकडंच आहे. तांब्याच्या भांड्याला बारीक भोक, त्यातून थेंब थेंब पाणी पिंडीवर. विष प्यालेल्या देवाच्या अंगाची आग होते, तिला तेवढाच गारवा. थेंबानं कुणाचं काही जात नाही. पण त्या साली होळी सरताच भिवा गुरव पारावर म्हणाला की हे ऊन साधं नाही, ही देवाच्या अंगातली आग बाहेर पडते आहे, देव निवला की ऊन निवेल. येसाजी पाटलानं मान हलवली. झालं. थेंबाच्या जागी धार आली आणि धारेच्या जागी घागर. घरटी दोन घागरी पाणी मिळे, त्यातली पहिली देवाला. तरी ऊन हटेना, तेव्हा लोक म्हणाले, देवाला कमी पडतंय, आणि दुसऱ्या घागरीतलाही तांब्या ओतू लागले. भ्यालेल्या माणसाला काहीही पटतं.

बरं, ओतलेलं पाणी जायचं कुठं? गोमुखातून बाहेर, कातळावर. आणि ते शिवनिर्माल्य. ते ओलांडायचं नाही, प्यायचं नाही, जनावराच्या तोंडालाही लावायचं नाही. तर ते पाणी आमच्या लोकांच्या डोळ्यांदेखत कातळावर वाहायचं आणि पन्नास पावलं जायच्या आत वाफ होऊन जायचं. दावणीला बांधलेल्या बैलांना त्याचा वास यायचा. ते त्या दिशेला माना ताणून उभे राहायचे, आणि मालक त्यांच्या तोंडावर हात ठेवून त्यांना वळवायचे.

देवळाखालच्या तुकड्यात चिमा राहायची. तिचा नवरा पटकीत गेला होता. मागं तीन एकर रान आणि खिलारी बैलांची एक जोडी, हरण्या आणि कवड्या. हरण्या चैत्रातच गेला. आता एकटा कवड्या उरला होता. एका बैलावर नांगरट होत नाही, पण एक बैल असला की दुसऱ्या एका बैलवाल्याशी वारंगुळा करता येतो. आज तुझं रान, उद्या माझं. कवड्या गेला तर वारंगुळ्याला तिला कोण घेणार होतं? रान पडीक राहिलं असतं आणि ती लोकांच्या बांधावर खुरपं घेऊन गेली असती. चिमाचं सगळं पुढलं साल त्या एका बैलाच्या चार पायांवर उभं होतं, आणि ते पाय थरथरायला लागले होते.

एका दुपारी कवड्यानं जीभ बाहेर टाकली. ती जीभ कोरडी होती. चिमानं देवळाकडं बघितलं. गोमुखातून पाणी पडत होतं. तिनं बैल सोडला, कासऱ्याला धरून वर नेला आणि त्याचं तोंड गोमुखाला लावलं. बैल प्याला. पोटभर प्याला. भिवा गुरवानं ते बघितलं आणि बोंब ठोकली.

पारावर गाव जमलं. निर्माल्य बाटलं, आता देव कोपणार. चिमानं विचारलं, "बाटलं कसं? वाया जात हुतं ते."

"देवाचं पाणी वाया जात नसतं," गुरव म्हणाला.

"मग काय व्हतं त्याचं? दावा मला."

बाईमाणसानं पारावर असा सवाल केलेला कुणाला रुचतो? येसाजी पाटलानं निकाल दिला. गोमुख दगडगोटे ठोकून बुजवायचं, आणि बाटलेला बैल उद्या दिवस मावळायच्या आत शिवेबाहेर हाकलायचा. शिवेपलीकडं सात कोसांत पाण्याचा थेंब नव्हता. म्हणजे मारा म्हणायचं नाही, हाकला म्हणायचं. पापाचा धनी कुणीच नाही, बघा किती सोय. ज्यांच्या स्वतःच्या गोठ्यात बैल कण्हत होते तेही माना डोलावून घरी गेले. इतक्या वर्षांनीही हे सांगताना आमच्या म्हाताऱ्यांचा आवाज चढतो, आणि चढलाच पाहिजे.

चिमा रडली नाही म्हणे. घरी आली, आपल्या वाटणीची पहिली घागर देवाला न देता कवड्यापुढं ठेवली, आणि रागानं रात्रभर बसून राहिली. तिला देवाचा राग आला होता, गुरवाचा आला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण दोन महिने तीही निमूटपणे पहिली घागर त्या दगडावर ओतत आली होती. हरण्या मेला त्या दिवशीसुद्धा तिनं आधी देवाची घागर पोचवली होती आणि मग बैलाजवळ जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन माणसाला घराबाहेर पाऊल टाकू देत नाही अशा वेळेला, ती उठली. तिनं कवड्याच्या मानेवर जू ठेवलं. मोटेचा जाड नाडा खांद्यावर घेतला आणि देवळात गेली. गुरव ओवरीत झोपला होता. तिनं पिंडीला नाड्याचे तीन वेढे घातले, गाठ मारली आणि दुसरं टोक जुवाला बांधलं. जू दोन मानांचं असतं. हरण्याच्या बाजूला चिमानं स्वतःची मान दिली.

पिंडी चार गड्यांना उचलत नसे. पहिल्या हिसक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला पिंडीच्या बुडाचा चुना तडकला. तिसऱ्याला महादेव आडवा झाला, आणि उंबऱ्यावर आदळून उंबरा फुटला. त्या आवाजानं गुरव उठला, आणि समोरचं बघून गावाकडं धावत सुटला.

"नंदीच्या पाठीवर बसून हिंडतोस न्हवं जन्मभर?" चिमा ओढता ओढता बोलत होती. "आज बैलाच्या मागं फरपटत चल. बघ उनात काय व्हतंय ते. तुला एक दिस लागू दे, माझ्या हरण्याला सारा चैत लागलं."

कातळ तापून लाल झाल्यासारखा दिसत होता. तिच्या तळव्यांची सालं निघाली, कवड्याच्या नाकातून फेस आला. दोनशे पावलं, पण दहा दहा पावलांवर थांबत त्यांनी ती कापली. असं सांगतात की मागं जो चर पडला तो त्या दगडाच्या भारानं पडला. आपल्या रानाच्या मधोमध तिनं महादेव उभा केला आणि बैलाच्या मानेवरचं जू काढलं. जू काढलं तसा कवड्या पुढच्या गुडघ्यांवर बसला. मग कुशीवर कलंडला. चिमानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पाणी आणायला ती उठली नाही, कारण उशीर झाला हे तिला कळलं होतं. थोड्या वेळानं त्याचं पोट हलायचं थांबलं.

तोवर काठ्या घेऊन गाव धावत आलं होतं. येसाजी पाटलानं देवाला उचलायला दोन्ही हात लावले आणि ओरडून मागं घेतले. तळहात भाजले होते. बायका घाईघाईनं घागरी घेऊन पुढं झाल्या, देव पोळतोय म्हणून. चिमा बैलाचं डोकं हलकेच खाली ठेवून उठली आणि देवासमोर आडवी उभी राहिली. तिच्या मानेवर जुवाचा वळ उठला होता आणि त्यातून रक्त येत होतं.

"आधी बैल," ती म्हणाली. "गावात जित्ता हाय तेवढा बैल पाणी पिऊ दे. मग ह्याचं बघू. कुणी पुढं आलं तर घागर फोडीन आन् डोकंबी फोडीन."

 काठ्या होत्या, पण त्या बाईवर उगारायला हात उठेना, आणि मेलेल्या बैलाकडं कुणाला बघवेना. भिवा गुरवाला आपली बाजू जाताना दिसली. तो पुढं झाला आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "लोकहो, चार गड्यांना उचलत न्हाई तो देव एक बाई आणि एक मरतुकडा बैल वढतील व्हय? देवाचीच इच्छा. देव आपल्या पायानं चिमाच्या रानात आला."

लोकांना हायसं वाटलं. पुष्कळांनी हात जोडले. चमत्कार झाला म्हटलं की कुणालाच काही कबूल करावं लागत नाही.

चिमानं गुरवाकडं बघितलं. आता तिचा आवाज चढला नव्हता. "पायानं आला असता," ती म्हणाली, "तर माझा बैल जगला असता."

गुरवानं जोडलेले हात खाली घेतले. शेवटी एक म्हातारी वळली, आपली घागर घेऊन स्वतःच्या गोठ्याकडं चालू लागली, आणि तिच्यामागं एकेक घागर गेली. त्या दिवसापासून उन्हाळा सरेपर्यंत देवावर पाण्याचा थेंब पडला नाही, आणि ऊन होतं तसंच राहिलं. कमी नाही, जास्त नाही. पाऊस त्याच्या वेळेला मृगात आला. गावातले उरलेले बैल तेव्हा पायांवर उभे होते. पहिली नांगरट चिमाच्या रानाची झाली, पाटलाच्या बैलांनी. देवळात देव परत न्यायची गोष्ट निघाली तेव्हा ती म्हणाली, न्यायचा तर माझा कवड्या जोडून न्या. देव रानातच राहिला, आणि बैलांना मिळाली नाही ती सावली देवालाही नको, असा शब्द गावानं दिला.

आजही वैशाखातल्या अमावस्येला भर दुपारी सारा गाव त्या रानात जमतो, अनवाणी. गुरवाच्या घरचा कर्ता माणूस पुढं येतो आणि त्याला ते वाक्य म्हणावंच लागतं, की देव आपल्या पायानं आला. गावच्या झाडून साऱ्या बायका चिमाचं उत्तर त्याच्या तोंडावर देतात. आमच्या पोरीबाळींना ते पाळण्यात असल्यापासून पाठ असतं. त्यावर गुरवानं काही बोलायचं नसतं. खाली मान घालून घागर उचलायची आणि बैलांच्या डोणीत रिकामी करायची. मग दुसरी, मग तिसरी, शेवटचं वासरू तोंड वर काढेपर्यंत. देवाची पाळी सगळ्यांच्या मागून. तोवर पाणी उरलं तर त्याला मिळतं. आणि नाही उरलं, तर त्याच्या डोक्यावर गंगा आहे की. तिला माग म्हणावं.