पुरुषांनी झाडायची वाट

लोक्रिसच्या किनाऱ्यावर गावचौकातून समुद्राकडे उतरणारी ही दगडी वाट वर्षातून एक दिवस फक्त पुरुष झाडतात, तेही अनवाणी. त्या दिवशी बाईने खराट्याला हात लावायचा नसतो. पाहुण्यांना गंमत वाटते. पण ही गंमत नाही.

फार पूर्वी समुद्रापलीकडचे ट्रॉय नगर आमच्या लोकांनी लढाईत जिंकून जाळले, तेव्हा इथला सरदार आयास तिथल्या अथेना देवीच्या देवळात शिरला होता. परतताना तो समुद्रात बुडाला, पण त्याचे पाप गावात पोचले. रोगराई आली, पीक करपले. मग म्हणे देवाचा कौल झाला, की दर वर्षी इथली एक कुमारिका ट्रॉयला पाठवा आणि तिच्याकडून देवीचे देऊळ झाडून घ्या. आयासने देवीची मूर्ती पाडली, एवढेच त्या मुलींना सांगत. पुढचे विचारायची सोय नव्हती.

एका वर्षी चिठ्ठी मिर्तोच्या नावाची निघाली. तिचे केस कापले. बाप दामोन तिला होडीपर्यंत पोचवायला आला, पण तिच्याकडे न बघताच माघारी फिरला.

देवळात ट्रॉयचीच एक म्हातारी दिवाबत्ती करी. मूर्ती पडली कशी, असे मिर्तोने तिला विचारले.

“कसांड्रा मूर्तीला मिठी मारून बसली होती. आमच्या राजाची मुलगी. तुमच्या माणसाने तिला केस धरून ओढली, इथेच नासवली. तिची मिठी सुटेना, म्हणून मूर्ती पडली.” म्हातारीने वात सारली. “तुमच्या इतक्या पोरी आल्या. सगळ्यांनी देवीची क्षमा मागितली. कसांड्राची कोणी मागितली नाही.”

मिर्तोचा हात थांबला. त्या फरशीवर उभे राहायचीही तिला लाज वाटली.

वर्षभराने ती परतली, त्या दिवशी चौकात नवी चिठ्ठी निघत होती. नाव निघाले आग्लेचे, तिच्या धाकट्या बहिणीचे. आग्लेच्या हाती खराटा दिला गेला.

मिर्तो पुढे झाली. “आयासने काय केले ते हिला सांगा, मग पाठवा.”

“मूर्ती पाडली,” म्हातारा पंच म्हणाला.

“मूर्तीला धरून कोण बसले होते?”

“बायकांनी चौकात बोलू नये, पोरी.”

“तुमचे पाप झाडायला चालते, आजोबा. बोलायलाच तेवढे चालत नाही?”

मागे कोणी बाई हसली. मिर्तोने ऐकलेले सगळे सांगितले, कसांड्राचे नाव घेऊन सांगितले. कोणी तिला खोटे म्हटले नाही. तेव्हा तिला कळले, की हे साऱ्यांना ठाऊक होते. ती दामोनकडे वळली.

“बाबा, तुम्हालाही ठाऊक होते?”

“होते.”

“मग मला का नाही सांगितले?”

“तुझ्यासमोर ते बोलायची लाज वाटली.”

“पाठवायची नाही वाटली?”

दामोनने वहाणा काढल्या, आग्लेच्या हातातला खराटा घेतला आणि झाडत झाडत ही वाट उतरून तिच्या जागी होडीत बसला. तो परत आला, असे काही जण सांगतात. नाही आला, असेही सांगतात. त्यानंतर इथली मुलगी मात्र कधी गेली नाही.

आजही वाट झाडून झाली, की प्रत्येक बाप आपल्या जाणत्या मुलीसमोर उभा राहतो आणि आपल्या माणसाने कसांड्राचे काय केले, ते स्वतःच्या तोंडाने सांगतो. मूर्ती पाडली, एवढ्यावर सुटका होत नाही. पुष्कळ बाप मध्येच अडखळतात. मुली वाट पाहतात, शब्द पुरवत नाहीत.