कातळावरची आवडा

फार मागची गोष्ट आहे. किती मागची म्हणाल, तर आमच्या खालच्या वाडीत तेव्हा एकही विहीर नव्हती आणि सगळी बायकामाणसं झऱ्यावरून पाणी आणत. आधीच सांगते, मी द्वारकेच्या घराण्यातली आहे. गावात दुसरं कोणीही ही गोष्ट सांगेल तेव्हा आवडाचं कौतुक करता करता त्याचं तोंड दुखेल. माझं नाही दुखणार. तरी सांगते, कारण खरं ते खरं.

आवडा धाकटी सून, द्वारका थोरली. आवडाचा नवरा होडीसकट समुद्रात गेला आणि वर्ष सरायच्या आत घरात वाटणीची भाषा सुरू झाली. द्वारकेच्या वाट्याला घर, अंगण, मागची काळी जमीन. आवडाच्या वाट्याला गडग्यापलीकडचा कातळ. गडगा म्हणजे दगडांची कमरेइतकी भिंत. आणि कातळ म्हणजे कातळच हो, जिथे गवतसुद्धा उगवायला लाजतं.

सासरा म्हणाला, "तिसऱ्या दसऱ्याला तुझ्या जागेत पिकलेल्या भाज्यांची गावाला पंगत घाल. घातलीस तर जागा तुझी. नाहीतर जागा द्वारकेची आणि तू माहेरी."

माहेरी आवडाची वाट बघणारं कोणी नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, द्वारकेलाही.

असं म्हणतात, की आवडानं पहिल्या दिवशी कातळावर बसून फक्त पाणी ओतलं आणि ते कुठल्या खळग्यात थांबतं ते बघितलं. जिथे थांबलं तिथे एक फुटकं मडकं ठेवलं. मडक्यात चुलीतली राख, शेण, माशाची डोकी, कुजलेला पाला आणि नदीकाठून पदरात बांधून आणलेली माती. एका मडक्यात एक दुधी. लोक हसले, "आवडा मडक्यात संसार मांडते!" पहिल्या दसऱ्याला एकच दुधी धरला, तोही वाकडा. दुसऱ्या दसऱ्याला मडकी चाळीस झाली. असं म्हणतात, की तिनं इतकी माती वाहिली की नदीचा काठ हातभर मागे सरला.

आणि इकडे द्वारकेचं काय? तिच्याकडे काळी जमीन होती, पण लक्ष सगळं गडग्यावर. सकाळी उठली की गडगा, जेवून हात धुतला की गडगा. "हिच्या मडक्यात धरतं आणि माझ्या वाफ्यात का नाही?" अहो, वाफ्यात पाणी घातलंस का बाई? दुसऱ्याचं बघत बसलं की स्वतःचं वाळतं. तिला अन्न गोड लागेना. आणि खरं सांगू, मला तिचं सगळं कळतं.

तिसऱ्या वर्षी श्रावणात आवडाचे वेल हातभर झाले. आमच्याकडे एक समजूत आहे, की मागून आणलेलं रोप जगतं आणि चोरून आणलेलं फोफावतं. भर दुपारी आवडा झऱ्यावर गेली आणि द्वारकेनं गडगा ओलांडला. दुधी, पडवळ, काकडी, भोपळा, एकूण एक रोप मुळासकट उपटून तिनं आपल्या अंगणात लावलं.

आवडा परतली. रिकामी मडकी बघितली, गडग्यापलीकडे लावलेली आपली रोपं बघितली. पुन्हा उपटली तर ती जगणार नाहीत, हे तिला कळत होतं. मटकन खाली बसली आणि गडग्याला डोकं टेकून मोठमोठ्यानं रडली. दसरा दोन महिन्यांवर होता.

द्वारकेनं मात्र कंबर कसली. आवडा रोज चार घागरी ओढायची, ही बारा ओढू लागली. वेल असे माजले, असे माजले की अंगणात पाय ठेवायला जागा उरेना. पण द्वारकेच्या बाजूला सगळी नुसती नर फुलं, एकाला फळ नाही. आणि शेंडे? सगळे गडग्यावरून पलीकडे! सकाळी द्वारका त्यांना ओढून आत घ्यायची, सुंभानं बांधायची. संध्याकाळपर्यंत सुंभ तुटून वेल परत कातळावर. असं म्हणतात, की एका रात्रीत एक वेल बारा हात चालला आणि आवडाच्या रिकाम्या मडक्यावर दुधी टेकवून थांबला.

गावचा नियम जुना होता: गडग्यापलीकडे लोंबेल ते पलीकडच्याचं. सासऱ्यानं दसऱ्याला येऊन बघितलं. कातळावर काकड्या, दुधी, पडवळं, भोपळे, पाय ठेवायला जागा नाही. म्हातारा म्हणाला, "आवडा, पानं मांड."

पंगतीला सारा गाव आला. द्वारका आली नाही. तेव्हा आवडानं पहिलं पान वाढलं आणि ते घेऊन ती थोरलीच्या दारात उभी राहिली.

"हिणवायला आलीस?" द्वारका म्हणाली.

"नाही जाऊबाई. माती मी वाहिली, पण पाणी तुम्ही घातलंत. माझ्यानं बारा घागरी झाल्या नसत्या. पहिला घास तुमचा."

द्वारका उंबऱ्यात बसली. जेवली. रडत रडत जेवली आणि वर भाजी मागून घेतली. तिचा हेवा गेला का? छे! मरेपर्यंत जळत होती. पण जळता जळता आवडाकडून बी मागून नेत होती आणि तिचीही काळी जमीन पिकू लागली. गाव नाव घेतं ते आवडाचं. बारा घागरींचं कोणी नाव काढत नाही, हे मात्र मला अजून सलतं.

तेव्हापासून आमच्या गावात परसातलं पहिलं फळ देवाला नाही, घरच्यांना नाही. ते ज्याच्या डोळ्यात सलतं त्याच्या दारात नेतात आणि म्हणतात, "आवडाच्या नावानं." घेणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही.

माझ्याकडे दर वर्षी चार घरांतून येतं. निमूट घेते, भाजी करून खाते. आणि माझं पहिलं फळ? चाळीस वर्षं मीच खाल्लं. माझा हेवा करणारं होतं कोण?

यंदा माझ्या वेलाला सुरेख दुधी धरलाय. समोरची यमुना येता जाता त्याच्याकडे बघते आणि नाक मुरडून तोंड फिरवते. काल दोनदा, आज तीनदा. सुनेला सांगून ठेवलंय, त्याला हात लावायचा नाही. उद्या सकाळी नवं लुगडं नेसून मी तो यमुनेच्या दारात नेणार आहे.