ओली जखम

एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्ये होती. त्यांचे युद्ध इतकी वर्षे चालले होते, की ते कशावरून सुरू झाले हे दोन्ही दरबारांत एकेका म्हाताऱ्यालाच ठाऊक होते, आणि त्या दोघांच्या हकिकती जुळत नव्हत्या.

तरी दोन्ही राजे स्वतःला दयाळू म्हणवत. म्हणून दर पौर्णिमेच्या सकाळी नदीतल्या वाळूच्या बेटावर जखमी कैद्यांची अदलाबदल होई. हाताच्या जखमीला हाताचा जखमी, पायाच्याला पायाचा. सोडण्यापूर्वी दोन्हीकडचे कारभारी प्रत्येकाची पट्टी उलगडून बघत. जखम ओली असेल तर कैदी सुटे. सुकली असेल तर तो धडधाकट ठरे आणि परत कोठडीत जाई, कारण धडधाकट माणूस उद्या पुन्हा लढायला येतो. सुटलेल्यांपैकी बरेच जण घरी पोचून महिनाभरात मरत. दोन्ही दरबार त्याचा दोष पलीकडच्या हवेला देत.

अलीकडच्या काठावर एक वैद्य होता. शत्रूच्या जखमी कैद्यांची मलमपट्टी त्याच्याकडे होती. एका पौर्णिमेच्या वीस दिवस आधी त्याला पुढची यादी मिळाली. त्याच्याकडच्या एका पायाच्या जखमीसमोर पलीकडचे जे नाव होते, ते त्याच्या एकुलत्या एका मुलाचे होते. पोरगा जिवंत होता! वैद्याने यादी तीनदा वाचली आणि मग त्या कैद्याच्या पायाकडे पाहिले. जखम छान भरत आली होती.

त्या दिवसापासून वैद्याने मलम बंद केले. नुसत्या पाण्याने धुऊन तो पट्टी बांधू लागला.

“वैद्यबुवा, मलम संपलं की माया संपली?” चौथ्या दिवशी कैद्याने विचारले.

“गप पड. वैद्य तू की मी?”

“वैद्य तुम्हीच. पण पाय माझा आहे.”

आठ दिवसांत जखमेला पुन्हा पाणी सुटले. वैद्य स्वतःला समजावी, की यात कैद्याचाही फायदाच आहे, तोही घरीच जाणार आहे. माणसाला पटवायला स्वतःइतका सोपा श्रोता मिळत नाही.

नवव्या दिवशी वैद्याची बायको कैद्यांसाठी पेज घेऊन आली. त्या पायाच्या वासाने तिने पदर नाकाला लावला. जाता जाता ती म्हणाली, “अहो, आपल्या पोराला तिकडे कोण बांधत असेल हो? त्याची जखम तरी भरली असेल ना?”

वैद्याच्या हातातली पट्टी तशीच राहिली. तिकडचा वैद्यही यादी वाचतच असेल. मुलगा सुटायचा तर त्याचीही जखम ओली राहायला हवी होती. आणि भरली असेल, तर तो येणार नव्हता.

म्हणजे आपण इथे करतोय तेच तिकडे आपल्या पोराच्या पायाला होत असणार. मग उठून त्याने मलमाचे भांडे काढले, आणि पौर्णिमेपर्यंत एक दिवसही चुकवला नाही.

पौर्णिमेला नावेत बसल्यावर कैदी हळूच म्हणाला, “यादी मलाही कळलीय. सुरी आहे ना पिशवीत? एक ओरखडा काढा. मी ओरडणार नाही. तुमचा पोरगाही येईल, मीही जाईन.”

वैद्याचा हात पिशवीकडे गेला आणि रिकामाच मागे आला. “नको रे बाबा. आज तुला काढला, तर पुढच्या पौर्णिमेला आणखी कुणाला काढावा लागेल. ती सवय मला एकदा लागली होती. सोडवायला बायको लागली.”

बेटावर कारभाऱ्याने पट्टी उलगडली. “सुकली. हा राहिला. याच्यासमोरचाही राहिला.”

दहा पावलांवर डोलीत वैद्याचा मुलगा पडला होता. त्याने बापाकडे पाहिले आणि मान वळवली. त्याच्या उशाशी पलीकडची वैदीण उभी होती, केस पिकलेली बाई; मुलाने तिला आपल्या बापाविषयी सांगितले होते. ती सरळ वाळू तुडवत आली आणि कैद्याच्या पायावरून तिने बोट फिरवले.

“हा तुम्ही बरा केलात? पोटचं पोर तिथं पडलेलं असताना?”

“आधी आठ दिवस बिघडवला. मग बरा केला.”

वैदीण खाली बसली. “तुमच्या पोराचा पाय मी पंधरा दिवसांत बरा केला असता, दादा. मुद्दाम ओला ठेवला. घरी जाईल बिचारा, असं वाटलं. पुण्य करतेय असं वाटत होतं मला.”

“किती जणांना असं पाठवलंत?”

“तुमच्याकडून ओल्या जखमेनं जितके गेले, तितकेच असतील.”

दोघांनाही ते आकडे पाठ होते.

“नियम तो नियम,” दोन्ही कारभारी एका सुरात म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचे एकमत पहिल्यांदाच झाले.

“ठीक आहे, न्या दोघांना परत,” वैदीण म्हणाली. “आम्ही दोघं आता सगळ्यांनाच बरं करू. पुढच्या पौर्णिमेला या बेटावर एकही ओली जखम येणार नाही. मग अदलाबदल कसली करणार? आणि अदलाबदल नाही, तर दरबारात तुमचं काम काय?”

कारभाऱ्यांच्या चेहऱ्यांवरचे रंग बदलले. जे दयेला सुचले नव्हते, ते पदाच्या काळजीला चटकन सुचले. दोघे एका छत्रीखाली उभे राहून कुजबुजले आणि नवा नियम जाहीर झाला: कैदी पकडला त्या दिवशीची जखम धरावी, सोडण्याच्या दिवशीची नव्हे.

कैदी आपल्या पायांनी चालत पलीकडच्या नावेत चढला. वैद्याच्या मुलाला डोलीतून आणावे लागले. पाय गुडघ्यापर्यंत सडला होता. त्याच संध्याकाळी तो बापाने आपल्या हाताने कापला. मुलगा जगला.

त्यानंतर त्या बेटावरून माणसे चालत घरी जाऊ लागली. वैद्य मात्र कुणी कौतुक केले, की मुलाच्या कुबडीकडे बघे आणि विषय बदले.

तात्पर्य: दुसऱ्याची जखम ओली ठेवून आपल्या माणसाची सुटका मागणाऱ्याने हे धरून चालावे, की पलीकडेही कुणीतरी तेच करत बसले आहे, आणि त्याच्या हातात आपल्या माणसाचा पाय आहे.