कृपणाची घागर

एकदा एका म्हाताऱ्याने गावातल्या सर्वांत श्रीमंत माणसासाठी दारोदार भीक मागितली. गाव आधी हसले, मग संतापले. म्हातारा आधीपासूनच संतापलेला होता.

हा म्हातारा फाट्यावर पाणपोई चालवीत असे. वर गवताचे छप्पर, खाली वाळूत रोवलेले रांजण, बाजूला त्याची चटई. पाणी तो टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावरून आणी. झरा जिवंत होता. वैशाखात विहिरी तळ दाखवीत, तेव्हाही त्याची धार तुटत नसे. साऱ्या गावाच्या बायका तिथेच पाणी भरत. झरा कुणाचा, हे कुणी कधी विचारले नव्हते. तशी गरज पडली नव्हती.

ती गरज एका व्यापाऱ्याने पाडली. पेठेतले भुसाराचे मोठे दुकान त्याचे, तालुक्याचे गोदाम त्याचे, हायस्कूलच्या संस्थेचा अध्यक्षही तोच. त्याने झऱ्याभोवतीची जमीन रीतसर विकत घेतली, काटेरी तार ओढली आणि आत पाणी भरायचे यंत्र बसवले. आता पाणी जारमधून मिळणार होते, ज्याला परवडेल त्याला. ज्याला परवडणार नाही त्याने नदीवर जावे, कोरड्या पात्रात झिरा खणावा आणि वाटीवाटीने घागर भरावी. बायका तसे करू लागल्या होत्या. म्हाताऱ्याचे रांजण पालथे पडले होते.

व्यापारी स्वतः कसा राहत होता, तेही सांगितले पाहिजे. सदऱ्याला ठिगळ. पायात दुसऱ्याने टाकलेल्या वहाणा. घरी शिळी भाकरी पाण्यात बुडवून खाई, कारण कालवण केले की ते संपते. त्याच्या ओट्यावर कुणी टेकले तर आतून पाण्याचा तांब्या येत नसे, म्हणून कुणी टेकत नसे. गाव त्याला तोंडावर शेठ म्हणे आणि पाठीमागे कद्रू.

यंत्राच्या उद्घाटनाला त्याने अक्षय्य तृतीया निवडली. त्या दिवशी आपल्याकडे पाण्याने भरलेला घट दान देतात, पितरांच्या नावाने, तहानलेल्याला. व्यापाऱ्याने पाणी विकायला तोच दिवस घेतला. साडेतीन मुहूर्तांपैकी असल्यामुळे मुहूर्त काढायची दक्षिणा वाचत होती.

पत्रिका म्हाताऱ्यालाही आली. त्याने ती हातभर लांब धरून वाचली. शेवटी नेहमीची ओळ होती: लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

"साऱ्या पत्रिकेत एवढी एकच ओळ खरी छापलीय," तो म्हणाला आणि पत्रिका पालथ्या रांजणाखाली सारली.

म्हाताऱ्याचा एक शिष्य होता. लहानपणापासून त्याच्यापाशी येऊन बसे. पुढे शिकला, हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर झाला. नोकरी मात्र अजून कायम नव्हती, आणि कायम करणे व्यापाऱ्याच्या हातात होते. व्यापाऱ्याने त्याला समारंभासाठी मानपत्र लिहायला सांगितले. लिही, वाच, जूनमध्ये तुझे बघू, असे म्हणाला. घरात बायको होती, तान्हे मूल होते. शिष्याने लिहिले, आणि समारंभाच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्याला दाखवायला आणले. पाठ थोपटली जाईल असे त्याला वाटले होते की नाही, कोण जाणे. न दाखवता वाचायचे धैर्य मात्र त्याला झाले नाही.

म्हाताऱ्याने ऐकून घेतले. उद्यमशील झाले, दूरदर्शी झाले. 'जलदाते' आले तेव्हा त्याने हात वर केला.

"थांब, मास्तर. घरी बायकोशी बोलताना त्याला काय म्हणतोस?"

शिष्य कागदाकडे बघत म्हणाला, "कद्रू."

"आणि तुझ्या इंग्रजीत?"

"मायझर."

त्या शब्दाचा अर्थ काय, असे म्हाताऱ्याने विचारले. शब्दाची गोष्ट निघाल्यावर शिष्याला जरा धीर आला. तो सांगू लागला की आज त्याचा अर्थ कंजूष, पैशाला चिकटून बसणारा. पण हा शब्द लॅटिन भाषेतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ होता दीन, दुःखी, ज्याची कीव यावी असा. इंग्रजीतही आरंभी तोच अर्थ होता. पुढे, पैसा असून जो दैन्यात दिवस काढतो त्याला तो शब्द लागू लागला. मग दैन्य विसरले गेले आणि नुसता कंजूषपणा उरला. शिष्य असेही म्हणाला की आपल्या 'कृपण' शब्दाचे तसेच झाले. कृपा आणि कृपण एकाच धातूचे. कृपण म्हणजे आधी केविलवाणा. नंतर चिक्कू.

म्हातारा म्हणाला, "म्हणजे दोन मुलखांतल्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, असल्याच माणसाकडे बघितलं आणि दोघांनाही आधी त्याची दया आली?"

"तसं दिसतं खरं."

"मग ती दया गेली कुठे?"

शिष्य मानपत्राची घडी घालू लागला.

"तुझ्या कोशात नाही?"

"नाही, बाबा."

"उद्या उजाडताच ये. घागर माझी, खांदा तुझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे गावात शिरले. शिष्याच्या खांद्यावर रिकामी घागर, म्हाताऱ्याच्या हातात तांब्या. पहिल्याच दारात म्हातारा उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "शेठचं भागत नाही. घोटभर पाणी वाढा."

लोकांना वाटले, म्हाताऱ्याला ऊन लागले. केरबा न्हावी दुकानातून कात्री घेऊनच बाहेर आला आणि शेठची तब्येत बरी नाही का, म्हणून गंभीर चेहऱ्याने विचारू लागला.

"नाही. पुष्कळ दिवसांपासून."

"रोग काय?"

"पुरत नाही."

केरबा हसला. म्हातारा हसला नाही. तांब्या पुढे धरून उभाच राहिला. केरबाचे हसू संपले तेव्हा त्याला आत जाऊन पाणी आणावे लागले.

सगळेच केरबासारखे नव्हते. एका तरुणाने सांगितले की त्या कद्रूला पाणी नाही, त्याच्या तोंडात माती घालीन. म्हाताऱ्याचे डोळे लाल झाले.

"माती घालायची होती तर तार ओढली तेव्हा घालायचीस. तेव्हा तर तू खांब रोवायला रोजावर होतास."

तरुणाने मान खाली घातली. त्याच्या आईने मुकाट्याने वाटी आणून घागरीत ओतली.

वस्तीच्या टोकाला सगुणाबाई राहत असे. एकटी बाई. ती नुकतीच नदीवरून आली होती. घागर अजून डोक्यावरच होती, लुगड्याचा काठ वाळूने भरलेला होता. म्हाताऱ्याचे मागणे तिने उभ्याउभ्या ऐकले.

"पहाटेपासून झिरा उपसून आणलंय, बाबा. हे त्याला द्यायचं?"

"हो."

"मी मागितलं तर तो मला देईल?"

"नाही."

तिने घागर उतरवली. थोडा वेळ पाण्याकडे बघितले. मग तांब्या काठोकाठ भरून दिला. "दारात येऊन कुणी पाणी मागितलं तर नाही म्हणायची मला सवय नाही," ती म्हणाली. आणि हे पाणी पिताना त्याचे तोंड कसे होते ते बघायला तीही मागोमाग निघाली. तिला बघून आणखी काही बायका निघाल्या.

झऱ्यापाशी मांडव घातला होता. तालुक्याचे पाहुणे आले होते, फोटोवाला आला होता. म्हातारा सरळ मधून चालत गेला आणि शिष्याला घागर व्यापाऱ्यासमोर ठेवायला सांगितली.

"शेठ, आज अक्षय्य तृतीया. घट घ्या."

व्यापाऱ्याला तो सन्मान वाटला. त्याने हात जोडले, फोटोवाल्याकडे तोंड केले आणि कुणाकडून म्हणून विचारले.

"गावाकडून. भीक मागून आणलंय."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. तुमचं भागत नाही. झरा घेतलात तरी भागलं नाही."

व्यापाऱ्याने जोडलेले हात सुटे केले. तो हळू पण धारदार आवाजात म्हणाला की वयाचा मान ठेवतो आहे, माझी चेष्टा करू नका.

"चेष्टा करायला गाव आहे. तुमची पाठ वळली की करतं. मी घरोघर मागून आणलंय. नको असेल तर परत करा. ज्याचं त्याला."

व्यापाऱ्याने घागरीत पाहिले. धंद्यातला माणूस. त्याच्या तोंडून सवयीने निघाले, "यात कुणाचं किती आहे?"

"तेच मी तुम्हाला विचारतोय," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "या झऱ्यात कुणाचं किती आहे? जमीन तुमच्या सातबाऱ्यावर आली असेल. पाऊस कुणाच्या टेकडीवर पडला, कुणाच्या बांधातून मुरला, ते लिहून घेतलंत का?"

व्यापाऱ्याच्या कपाळाची शीर फुगली. तो काहीतरी बोलणार होता. पाहुणे वर छताकडे बघत होते. तेवढ्यात सगुणाबाई पुढे आली, घागरीत तांब्या बुडवला आणि त्याच्यासमोर धरला. घरी आलेल्या पाहुण्याला सांगावे तसे ती म्हणाली, "घ्या, शेठ. वाळू आहे त्यात. हलवू नका, वरवर घ्या."

टोमणा असता तर त्याने परतवला असता. तो टोमणा नव्हता. त्याने तांब्या घेतला. सारे बघत होते, म्हणून तोंडाला लावला, आणि लावल्यावर पीत राहिला. वाळू दातांत करकरली. ती त्याने थुंकली नाही. रिकामा तांब्या हातात धरून तो काही वेळ नुसता उभा राहिला, जणू परत कसा द्यायचा ते त्याला ठाऊक नव्हते.

मग स्वतःला सावरून त्याने हुकूम सोडला, "मास्तर, मानपत्र."

शिष्याने खिशात हात घातला. सकाळपासून घागर डुचमळत होती. सदरा भिजला होता, कागदाचा लगदा झाला होता.

"पाठ असेल ना?"

"पाठ आहे," शिष्य म्हणाला, "पण म्हणवत नाही."

समारंभ कसाबसा पार पडला. यंत्र सुरू झाले. पाहुणे जेवून गेले.

परतीच्या वाटेवर शिष्याने विचारले, "बाबा, तुम्ही सकाळपासून रागात होतात. मग त्याला शिव्या का नाही घातल्या? भीक कशाला मागितली?"

म्हातारा थांबला.

"राग होता. अजून आहे. त्याच्यावर आहे, गावावर आहे, तुझ्यावर आहे. पण शिवी दिली की माणूस मोकळा होतो, आणि मोकळा झालेला माणूस घरी जाऊन झोपतो. या गावाने इतकी वर्षं त्याला कद्रू म्हटलं आणि इतकी वर्षं त्याच्याच दुकानात हात जोडून उभं राहिलं. शिवी फुकट असते रे. देताना आपलं काही जात नाही, म्हणून घेणाऱ्यालाही ती लागत नाही. कृपण हा शब्द आधी दयेचा होता म्हणालास. दया महाग असते. दया आली तर उठावं लागतं, भांडं घ्यावं लागतं, त्याच्या दारापर्यंत चालत जाऊन त्याच्या तोंडावर सांगावं लागतं की तू भिकारी झालायस. तेवढं करायचं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं. मग लोकांनी शब्द ठेवला आणि त्यातली दया काढून टाकली. उरली शिवी. आणि आता तुझ्यासारखे शिकलेले तीही काढून टाकतात आणि तिथे जलदाते बसवतात. मग त्याला कोण सांगणार, तो कोण आहे ते?"

शिष्याने घागर दुसऱ्या खांद्यावर घेतली.

त्याच आठवड्यात एका सकाळी बायकांना दिसले की झऱ्याची तार एका बाजूने सोडून गुंडाळून ठेवली आहे. कमरेवर घागर घेतलेली बाई जाईल एवढी वाट होती. पाटी नव्हती, निरोप नव्हता. यंत्र पलीकडे चालूच होते. म्हाताऱ्याचे रांजण पुन्हा भरले.

पारावर लोक हसू लागले. कद्रू घाबरला म्हणू लागले. म्हातारा तिथे जाऊन उभा राहिला आणि एवढेच म्हणाला की ज्याला हसायचे असेल त्याने आधी त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे आणि पाणी मागावे. कुणी गेले नाही. सगुणाबाई गेली. बराच वेळ बसून राहिली. शेवटी आतून तांब्या आला.

शिष्याची नोकरी जूनमध्ये कायम झाली नाही. तेवढा मोठा बदल एका तांब्याने होत नाही. तो दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या शाळेत गेला. तिथे एकदा धड्यात 'मायझर' हा शब्द आला. त्याने फळ्यावर लिहिला आणि वर्गाला अर्थ विचारला. पोरे एका सुरात म्हणाली, कंजूष.

"तो आताचा अर्थ," तो म्हणाला. "आधीचा अर्थ असा, की याला कुणीतरी पाणी नेऊन द्या."