ओटीखालची नाडी

एकदा एका वयोवृद्ध वैद्यांनी आपल्या शिष्याला स्वतंत्रपणे चिकित्सा करण्याची अनुज्ञा देण्याचे ठरविले. बारा वर्षांच्या अध्ययनाची ती अखेरची सकाळ होती.

रुग्ण जमले. ओटीवर बसलेल्या प्रत्येकाचे मनगट हाती घेऊन शिष्याने एकाग्रतेने नाडी पाहिली. अंगणात बसलेल्यांना मात्र तो वरूनच विचारी आणि सुंठीची पुडी खाली टाकी. टोपल्या विणणारी यसाबाई म्हणाली, "दादा, छातीत कसंसंच होतंय."

"उन्हानं होतं तसं. पुडी मधातून घे."

"मध काय तुझ्या आजीनं ठेवलाय माझ्या घरात?" असे पुटपुटत ती दोन कोसांवरच्या बाजाराला निघाली.

वैद्य उठले. त्यांनी शिष्याच्या डोळ्यांवर आपले उपरणे घट्ट बांधले. मग दारापर्यंत गेलेल्या यसाबाईला त्यांनी खुणेनेच माघारी बोलाविले.

"आता नाडी सांग," ते म्हणाले आणि त्यांनी एक मनगट पुढे केले.

"जड, मंद. गुरुजी, यांनी काल पोटाला तडस लागेपर्यंत जेवण केलंय."

"श्राद्धाचं होतं हो!" ओटीवरचा एक व्यापारी ओशाळून म्हणाला. सारे हसले.

दुसरे मनगट हाती आले. दोन ठोके पडत, नाडी थबके आणि जणू दुरून परत येई. त्या अंधारात त्याच्या तीन बोटांखाली एक जीव चालत होता, अडखळत होता आणि तरीही चालतच होता. शिष्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. "हा रुग्ण कोण? यांना एक पाऊलही चालू देऊ नका!"

वैद्यांनी उपरणे सोडले. समोर यसाबाई होती.

"गुरुजी, मी हिला…"

"तू दुष्ट नाहीस," वैद्य शांतपणे म्हणाले. "अंगणात बसलेल्यांचे दुखणे हलकेच असणार, हे तू ठरविले नाहीस, ते तुझ्या मनात आधीच ठरलेले होते. विचाराला वळण लागले, की हात आपोआप थांबतो, आणि थांबविले कोणी हे हातालाही कळत नाही. ती रीत मी तुला शिकविली नाही, पण बारा वर्षे पाहत असूनही मोडली नाही. दोष माझाही आहे."

यसाबाईला ओटीवर निजविले. वैद्यांनी मात्रा उगाळून दिली. शिष्य तिचे मनगट धरून दिवसभर बसून राहिला. दिवस कलता कलता नाडी सलग चालू लागली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

"सोड की आता हात," यसाबाई म्हणाली. "जीव राहिला माझा, पण मुंग्या आल्या."

अनुज्ञेचे काय, हे शिष्याने त्या दिवशी विचारले नाही. त्याने अंगणात उतरून पुढच्या माणसाचे मनगट हाती घेतले.