पेटीची दोन तोंडं

"…मग हिला दोन तोंडं कशाला दिली असतील?"

भिकनाथबाबांनी असं विचारलं, तेव्हा निनाद मठातल्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर फडक्यानं पुसत होता. रेकॉर्डरच्या त्या पेटीच्या पाठीला नेटची वायर खोचायच्या दोन जागा होत्या. बाबांचं बोट तिथं टेकलं होतं.

निनाद हसला. शहरातली इंजिनिअरची नोकरी सोडून तो नाथांच्या या मठात आला, त्याला सहा महिने झाले होते. नोकरी सुटली होती, ऐट अजून सुटायची होती.

"एक आतलं, बाबा. त्याला मठातले कॅमेरे. दुसरं बाहेरचं. त्यातून गाभाऱ्याचं दर्शन भक्तांच्या मोबाईलवर जातं."

"आणि आतलं बाहेर जात नाही?"

"दोन्हींना वेगवेगळे पत्ते दिले, तर नाही जात."

"तू दिलेस?"

निनादनं फडकं झटकलं. "त्याहून भारी केलंय. दोन्ही एकत्र बांधून टाकलीत. पत्ता एकच. एक वायर उंदरानं कुरतडली तरी दुसरी काम चालवते. आठ दिवस झाले, दर्शन क्षणभरसुद्धा थांबलेलं नाही."

"मी काय सांगितलं होतं?"

"गाभारा तेवढा बाहेर, बाकी सगळं आत. पण बाबा, तुम्हाला यातलं…" त्यानं उरलेलं वाक्य गिळलं. "आणि स्वयंपाकघर कोण बघत बसणार आहे?"



बाबांनी पडद्यावरच्या एका चौकोनाकडे हात केला. फाटकाबाहेर पांढऱ्या शर्टातला एक माणूस उभा होता. राखणदार लहानू त्याच्या आडवा उभा होता.

"सकाळपासून उभा आहे. जा, काय हवंय विचार."

निनाद तरातरा गेला. असल्या किरकोळ कामाला आपल्याला पाठवावं, याचा त्याला थोडा रागच आला होता.

"काय पाहिजे, दादा?"

माणसानं उत्तर दिलं नाही. मोबाईल निनादच्या डोळ्यांसमोर धरला.

मोबाईलवर मठाचं स्वयंपाकघर होतं. पदर खोचून मंदा भाकऱ्या थापत होती. आत्ता, या घटकेला.

"दर्शनाची लिंक आली होती कुणाची तरी," माणूस म्हणाला. "जरा बोट सरकवलं, तर बायकोच दिसली. भाकरी अजून जाडच करते."

आणि तो हसला.

तीन महिन्यांपूर्वी मंदा नवऱ्यानं मोडलेलं मनगट पोटाशी धरून इथं आली होती. 'इथं तुला कोणी बघणार नाही, बाई,' असा शब्द बाबांनी तिला दिला होता. तो शब्द दिला, तेव्हा निनाद शेजारीच बसला होता. स्वयंपाकघरात कॅमेरा लावला तो माकडं भाकऱ्या पळवतात म्हणून. माकडांवर नजर ठेवायला.

आठ दिवस… आठ दिवस हा माणूस तिला बघत होता.

निनाद पळत सुटला. वाटेत ठेच लागली, नख निघालं, तेही त्याला कळलं नाही. खोलीत शिरल्या शिरल्या त्यानं पेटीच्या दोन्ही वायरी ओढून काढल्या. सगळे चौकोन काळे पडले.

बाबा जागचे हलले नव्हते.

"बाबा, तो… तो तिचा…"

"ओळखलं मी."

"पोलिसांना बोलवू या!"

"लहानूनं फोन केलाय. आज नेतील त्याला. उद्या सोडतील."

"मग?"

"त्याआधी मंदाला मागच्या वाटेनं काढावं लागेल. आजच."

"कुठे पाठवणार?"

"ठाऊक नाही."

"तिला कळलंय?"

"नाही. ती भाकऱ्या करते आहे. तुझ्यासुद्धा."

इतक्या वर्षांत कुणापुढे न वाकलेला निनाद भुईवर कोसळला आणि त्यानं बाबांचे पाय धरायला हात पुढे केले.

"चुकलो, बाबा! मला क्षमा करा!"

बाबांनी पाय मागे ओढून घेतले.

"हे ते पाय नव्हेत, निनाद. ते चुलीपाशी आहेत."