टाचेमागची फळी

एका तालुक्याच्या मैदानावर एक तरुण प्रशिक्षक मुलींना बेसबॉल शिकवीत असे. त्याच्या शिष्यांत कृतिका नावाची बारा वर्षांची मुलगी होती. नजर तीक्ष्ण, मनगट भक्कम. पण समोरून चेंडू सुटला की तिचा पुढचा पाय चेंडूच्या दिशेने पडण्याऐवजी मागे सरके आणि बॅट हवेतच फिरे. गेल्या वर्षी एक चेंडू तिच्या बरगडीत बसला होता, तेव्हापासूनचे हे.

प्रशिक्षकाने कसूर केली नाही. जमिनीवर चुन्याने पावले काढली, टाचांमागे लाकडी फळी रोवली. फळी असली की पाय सरळ. काढली की ये रे माझ्या मागल्या. मग गृहस्थाने आणखी उंच फळी आणली. रविवारी जिल्हा संघाची निवड होती, आणि कृतिकाला न्यायचेच नाही असे त्याने जवळजवळ ठरवले होते. बिचारीला ते कळले होते. तिचे जेवणात लक्ष लागेना.

शेवटी त्याने आपल्या वृद्ध गुरुजींना बोलावले. गुरुजींनी फळी उपटून बाजूला टाकली, कृतिकाच्या हातातली बॅट काढून घेतली आणि मोज्यांत चिंध्या भरून केलेले चेंडू थेट तिच्या अंगावर फेकू लागले. खांदा आत वळवून चेंडू पाठीवर कसा घ्यावा, एवढेच ते सांगत. आधी ती दचकली, मग हसू लागली. हळूहळू चिंध्यांच्या जागी रबरी चेंडू आले. प्रशिक्षक मनातून चरफडत होता. न राहवून म्हणाला, "गुरुजी, पोरीला खेळायला शिकवायचं, की मार खायला?"

"आधी मार खायला," गुरुजी म्हणाले. "तू तिचा पाय अडवलास. पळत होती ती भीती, तिला फळी कशी अडवणार? अंगावर आलेल्या चेंडूचं काय करायचं हे कळलं, की पायाला पळायचं कारण उरत नाही."

मग त्यांनीच ती फळी पुन्हा टाचांमागे ठेवली. प्रशिक्षक गोंधळून पाहू लागला, तेव्हा म्हणाले, "असू दे. आता ती कामाची आहे. भीती गेली, आता पाय कुठे ठेवायचा एवढंच ती दाखवेल."

रविवारी प्रशिक्षक कृतिकाला निवडीला घेऊन गेला. पहिलाच चेंडू तिच्या बरगडीकडे आला. प्रशिक्षकाने डोळे मिटले. उघडले तेव्हा खांदा वळवून तिने चेंडू जाऊ दिला होता आणि ती जागेवर उभी होती. पुढच्या चेंडूला पाय सरळ पडला, फटका बसला. संध्याकाळी संघात तिचे नाव आले.

लेकराचे पाऊल मागे पडू लागले, तर फळी आणण्याआधी जवळ बसवून विचारावे, "बाळा, कुठे लागलं होतं का?"